बरोक संगीतांतील न लिहिलेले स्वर

सुमारें पस्तीस वर्षें मी शाळेंत मुलांना शिकविलें. त्या काळांत गायनवादनाचा विषय निघाला म्हणजे मी एक वाक्य हमखास सांगत असें. “युरोपांतलें संगीत कागदावर असतें आणि आपलें कंठांत असतें.” वाक्य सुटसुटीत होतें, मुलांच्या चटकन् ध्यानांत राही, आणि आपण कोणापेक्षां तरी वरचढ आहों हें त्यांत अध्याहृत असल्यामुळें तें सर्वांना आवडेहि. तें अगदींच खोटें होतें असें मी आजहि म्हणणार नाहीं. परंतु युरोपच्या संगीताच्या इतिहासांत सुमारें दीडशें वर्षांचा असा एक कालखंड आहे कीं, त्याला हें वाक्य लावणें म्हणजे उघड उघड अन्याय करणें होय. त्या कालखंडाला बरोक असें नांव आहे. ज्यांच्यापुढें मीं तें वाक्य उच्चारिलें ते विद्यार्थी आज चोहोंकडे पांगले आहेत. त्यांच्यापैकीं कोणी हें भाषण ऐकत असतील तर त्यांनीं ही दुरुस्ती आपल्या वहींत करून घ्यावी.

दुरुस्तीला कारण झालें तें अगदीं घरगुती आहे. आमच्या शेजारची एक मुलगी एका वृद्ध गोमंतकीय शिक्षकांकडे व्हायोलिन शिकते. गोव्यांत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरवाचन आणि व्हायोलिन शिकविण्याची प्रथा पोर्तुगीज अमलांत कित्येक पिढ्या चालत आली होती, आणि मुंबईच्या बोलपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणारे कितीतरी वादक याच तालमींतून आलेले होते, हें श्रोत्यांना ठाऊक असेलच. एके दिवशीं ही मुलगी एक पुस्तक घेऊन आली. आर्कान्जेलो कोरेली या इटालियन वादकाचे व्हायोलिनचे बारा सोनाटे १७०० सालीं रोममध्यें प्रसिद्ध झाले, त्यांची ती जुन्या वळणाची प्रत होती. वरच्या ओळींत व्हायोलिनचे स्वर. खालच्या ओळींत खर्जांतल्या स्वरांची एक संथ रांग, आणि त्या स्वरांशीं कोठें ६, कोठें ७, कोठें ४ आणि त्याला लागून ३ असे बारीक अंक. मीं विचारलें, “बाळ, हा हिशेब कुणाचा?” ती हंसली आणि म्हणाली, “आजोबा, हिशेब नाहीं तो. ती साथ आहे. साथ करणाऱ्यानं एवढंच बघून वाजवायचं.”

मी स्वतः भजनांत पुष्कळ वर्षें पेटी धरीत आलों आहें. साथ हा शब्द कानीं पडतांच मी सावरून बसलों.

प्रथम नांवाविषयीं थोडें सांगतों. बरोक हा शब्द मूळचा पोर्तुगीज असून त्याचा अर्थ वेडावांकडा, ओबडधोबड मोतीं असा सांगतात. संगीताला तो लागला तो हेटाळणी म्हणून. १७३३ सालीं रामो या फ्रेंच संगीतकाराचा पहिला ऑपेरा पॅरिसच्या रंगभूमीवर आला, आणि पुढल्याच वर्षीं तेथील एका नियतकालिकांत टीकाकारानें त्याच्या संगीतावर हा शब्द फेंकला. बाख, हँडेल, विवाल्डी यांपैकीं कोणीहि स्वतःला बरोक म्हणवून घेतलें नाहीं. पुढें विसाव्या शतकांत इतिहासकारांनीं हें नांव १६०० पासून १७५० पर्यंतच्या संगीताला सरसकट दिलें, आणि शिवीची पदवी झाली. १७५० हें बाखच्या मृत्यूचें वर्ष. हद्द आंखावयाला तें सोयीचें पडतें, इतकेंच.

१६०० च्या सुमारास असें घडलें तरी काय? तोंपर्यंतचें उत्तम संगीत म्हणजे चार-पांच-सहा कंठांनीं एकाच वेळीं निरनिराळ्या चाली गाव्या आणि त्यांची वीण घालावी असें होतें. त्या विणींत सर्व धागे सारख्या मोलाचे. ऐकावयाला तें भव्य लागे, पण शब्द हरवत. फ्लॉरेन्समधील कांहीं विद्वानांना वाटूं लागलें कीं, प्राचीन ग्रीक नाटकांत एकच नट भावनेनें गात असला पाहिजे आणि म्हणूनच लोकांच्या डोळ्यांत पाणी येत असलें पाहिजे. त्यांनीं एका कंठाला पुढें आणलें, शब्दाला मान दिला आणि बाकीच्यांना मागें बसविलें. १६०० सालीं फ्रान्सच्या राजाच्या विवाहानिमित्त फ्लॉरेन्समध्यें पेरी याचा ‘एउरिदीचे’ हा ऑपेरा झाला. १६०७ सालीं मान्तुआ येथें मोन्तेवेर्दीचा ‘ऑर्फेओ’ झाला. आणि १६३७ सालीं व्हेनिसमध्यें पैसे मोजून कोणालाहि आंत जातां येईल असें ऑपेराचें पहिलें नाट्यगृह उघडलें. एक गातो आणि बाकीचे त्याला धरून चालतात, हें आपल्याला इतकें स्वाभाविक वाटतें कीं, त्यांत क्रांति कसली असा प्रश्न पडेल. तिकडे ती क्रांति होती.

आतां गाणारा एक झाला म्हणजे त्याच्या खालीं जमीन पाहिजे. आपल्याकडे ती तंबोरा देतो. तिकडे ती देण्यासाठीं जी योजना निघाली तिला इटालियन भाषेंत ‘बास्सो कोन्तीनुओ’, म्हणजे अखंड चालणारा खर्ज, असें म्हणतात. चेलोसारखें एक खर्जाचें वाद्य खालची ओळ वाजवितें, आणि त्याच्या जोडीला ऑर्गन, हार्पसिकॉर्ड किंवा लांब मानेचें ल्यूट यांपैकीं एखादें वाद्य त्याच ओळीवर स्वरांचे जुडगे उभे करितें. तंबोऱ्याशीं साम्य आहे तें येथवरच. आपला षड्ज बसल्या जागेवरून हलत नाहीं, आणि म्हणून गवई कितीहि दूर गेला तरी त्याला घर दिसत असतें. त्यांचा खर्ज पावलें टाकतो. गाणाऱ्याचा स्वर तोच राहिला आणि खालची जमीन सरकली कीं त्या स्वराचा अर्थ बदलतो. हीच त्या संगीताची गंमत आहे, आणि ज्याला ती उमगली नाहीं त्याला तें सर्व नुसता गलबला वाटतो. मला कित्येक वर्षें तसेंच वाटत होतें.

आणि ते अंक? ती युक्ति फार साधी आहे. खर्जाच्या स्वराला एक धरून वर मोजीत जावयाचें. अंक मुळींच नसला तर तिसरा व पांचवा स्वर घ्यावयाचा. खालीं षड्ज असेल तर गंधार आणि पंचम आपोआप आले. खालीं गंधार असून त्याला ६ हा अंक असेल तर तिसरा म्हणजे पंचम आणि सहावा म्हणजे वरचा षड्ज घ्यावयाचा. पंचमाला ४ आणि ३ असे अंक लागोपाठ असतील तर प्रथम चौथा, म्हणजे वरचा षड्ज, अडवून धरावयाचा, आणि मग त्याला तिसऱ्यावर, म्हणजे निषादावर, उतरूं द्यावयाचें. हा क्षणभराचा अडथळा आणि त्यानंतरची सुटका पेटीवर करून पाहा. समेची वाट पाहतांना जी ओढ लागते तिची आठवण होईल.

पण अंक एवढेंच सांगतात कीं, कोणते स्वर घ्यावे. ते कोणत्या सप्तकांत घ्यावे, किती घ्यावे, एकदम दाबावे कीं एकामागून एक सोडावे, गाणारा हळुवार जागेवर आला असतां साथ किती विरळ करावी, दोन ओळींच्या मधली पोकळी भरावी कीं तशीच राहूं द्यावी, हें सारें साथीदाराच्या अंगावर. हार्पसिकॉर्डमध्यें तारेला पिसाच्या देठाची नखी छेडते. पट्टी जोरानें दाबली म्हणून आवाज मोठा होत नाहीं. तेव्हां जोर दाखवावयाचा तर स्वर वाढवावयाचे आणि नाजुकपणा दाखवावयाचा तर कमी करावयाचे, हाच मार्ग. कागदावर याचा मागमूसहि नसतो. १६०२ सालीं वियादाना नांवाच्या इटालियन धर्मोपदेशकानें अशा खर्जासह चर्चचीं गीतें छापलीं, त्याचें कारण मोठें व्यवहारी होतें. लहान चर्चमधून पांच-सहा गाणारे मिळत नसत. दोघे-तिघे मिळून मोठीं गीतें म्हणत आणि मध्येंच खिंडारें पडत. ऑर्गनवाला खर्ज धरून तीं खिंडारें बुजवूं लागला. अडचणींतून निघालेली ही सोय पुढें दीडशें वर्षांच्या संगीताचा कणा झाली.

साथीदाराचें झालें. आतां गाणाऱ्याकडे वळूं. त्या काळांतल्या ऑपेरांत आरिया नांवाचें जें पद असे त्याची घडण त्रिखंडी असे. पहिला भाग एका भावाचा. दुसरा भाग लहानसा, निराळ्या वळणाचा. आणि तिसरा भाग संगीतकार लिहीतच नसे. दुसऱ्या भागाच्या शेवटीं तो ‘द कापो’ एवढे दोन शब्द टाकी. त्यांचा शब्दशः अर्थ ‘डोक्यापासून’. आपण म्हणूं, पहिल्यापासून. आपल्याकडे अंतरा संपवून गवई स्थायीवर येतो, तसाच हा प्रकार. पण हें पहिल्यापासून म्हणजे जसेंच्या तसें नव्हे. टोसी या गायकानें १७२३ सालीं बोलोन्या येथें गायनावर एक पुस्तक छापलें, त्यांत त्याचा स्पष्ट आग्रह आहे कीं, पहिल्या वेळीं साधे व थोडकेच अलंकार असावे, दुसऱ्या भागांत थोडी भर पडावी, आणि पुन्हां पहिल्याकडे आल्यावर ज्याला तें पद बदलून अधिक सुंदर करतां येत नाहीं तो मोठा गायक नव्हे. माझ्या लहानपणीं आमच्या गांवीं बैठकींत बसणारे वडीलधारे लोक गवयाची परीक्षा अगदीं ह्याच कसोटीनें करीत. त्यांनीं टोसीचें नांव ऐकलें नव्हतें.

या गायकांत फारिनेल्लीसारखे जे सर्वांत कीर्तिमान होते, त्यांचा उंच आवाज लहानपणींच शस्त्र चालवून राखलेला असे. फारिनेल्ली १७३७ सालीं स्पेनच्या राजाच्या दरबारीं गेला आणि राजाच्या खिन्नतेवर उपचार म्हणून वर्षानुवर्षें गात राहिला. मुलांवर होणाऱ्या त्या क्रूर संस्काराची चाल पुढें बंद झाली हें चांगलें झालें. त्या गळ्यांतून निघणाऱ्या अलंकारांचें वर्णन वाचतांना आनंदाबरोबर अंगावर कांटाहि येतो.

वादकांचें तसेंच. कोरेलीच्या संथ भागांत कागदावर पाहावें तर लांब लांब, उघडे स्वर दिसतात. एखाद्या इमारतीचे नुसते खांब. १७१० सालीं ॲम्स्टरडॅमच्या एका प्रकाशकानें याच सोनाट्यांची एक आवृत्ति काढली आणि कोरेली स्वतः वाजवीत असे ते अलंकार यांत दिले आहेत असें जाहीर केलें. ते खरोखर कोरेलीचेच होते कीं नाहीं याविषयीं तेव्हांच शंका घेण्यांत आल्या. पण एवढें तर खरें कीं, खांबांच्या मधून वादकानें किती नक्षी काढावी ही त्या काळची अपेक्षा त्यांत दिसते. दोन स्वरांच्या मध्यें ताना, मुरक्या, खटके यांची दाटी आहे. फ्रेंचांची रीत निराळी. त्यांना मोकळ्या तानांपेक्षां स्वराच्या टोंकावरचें बारीक काम आवडे, आणि त्यासाठीं त्यांनीं खुणा ठरविल्या होत्या. शिवाय सारख्या लांबीचे लिहिलेले स्वर ते मुद्दाम थोडे लंगडे, एक लांब एक आंखूड असे, वाजवीत. हेंहि कागदावर नसे, ‘रुचि’ या एका शब्दानें त्याची वासलात लागे. कूपराँ याला मात्र आपल्या खुणांची मोडतोड सहन होत नसे. १७२२ सालच्या पुस्तकाच्या प्रस्तावनेंत तो वादकांवर रागावला आहे कीं, मीं जेथें जी खूण घातली तेथें तीच वाजवा. संगीतकार आणि वादक यांच्यामधील हा वाद त्या काळांत कधीं मिटला नाहीं, आणि तो मिटला नाहीं म्हणूनच तें संगीत जिवंत राहिलें असें मला वाटतें.

नृत्याच्या तालांवर बांधलेल्या स्वीट नांवाच्या मालिकेविषयीं फार सांगत नाहीं. आलमांद, कुरांत, साराबांद आणि जीग असे चार नाच ओळीनें येतात. साराबांद तीन मात्रांचा संथ, जीग चपळ. नाचणारे केव्हांच निघून गेले, ताल तेवढे राहिले.

मला जो प्रकार सर्वांत जवळचा वाटला तो निराळाच आहे. त्यांत खर्जाची एक लहानशी ओळ अथपासून इतिपर्यंत पुनः पुनः फिरत राहते आणि तिच्यावर दुसरी चाल मुक्तपणें खेळते. तबल्याच्या एकट्या वादनाला पेटीवाला जो लेहरा धरतो तो डोळ्यांपुढें आणा म्हणजे झालें. हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराचा ‘डायडो आणि ईनिअस’ हा ऑपेरा १६८९ च्या सुमारास लंडनजवळ चेल्सी येथें मुलींच्या एका शाळेंत झाला. मास्तर असल्यामुळें मला या गोष्टीचें विशेष कौतुक आहे. शाळेच्या संमेलनांतून असली वस्तु निघावी! त्यांत मृत्यूपूर्वीं राणी एक विलापगीत गाते. खालीं खर्ज षड्जापासून पंचमापर्यंत अर्ध्या अर्ध्या स्वरानें खचत जातो, तळाला टेंकतो, आणि पुन्हां वर येऊन खचूं लागतो. राणीची ओळ मात्र पुष्कळदां त्या आवर्तनाच्या कडेवर संपत नाहीं. खालचा फेरा पुरा होतो तेव्हां ती पुष्कळदां मध्येंच असते. दैव आपल्या गतीनें फिरतें आहे आणि माणसाचा शोक त्यांत मावत नाहीं, हें शब्दावांचून समजतें. मी तें पहिल्यांदा ऐकलें तेव्हां लेहऱ्याला इतकें कारुण्य असूं शकतें हें मला नवें होतें.

फ्यूग हा या काळांतला सर्वांत विद्वान् प्रकार. एक लहान सुरावट एकटी येते. ती पुरी होतांच दुसरा आवाज तीच पंचमावरून घेतो, आणि पहिला त्याच्यापुढें प्रतिवाद करूं लागतो. मग तिसरा, चौथा. आपल्याकडे याला जोड नाहीं, आणि ओढूनताणून लावूंहि नये. इतका गुंतागुंतीचा प्रकार तरी कागद-पेन घेऊनच होत असेल असें आपण म्हणूं. पण १७४७ च्या मे महिन्यांत बाख पॉट्सडॅमला गेला असतां प्रशियाचा राजा फ्रेडरिक यानें त्याला एक अवघड सुरावट वाजवून दाखविली आणि तिच्यावर फ्यूग करावयास सांगितला. बाखनें तेथल्या तेथें तीन आवाजांचा फ्यूग वाजविला. सहा आवाजांचा मात्र घरीं गेल्यावर लिहिला, आणि सर्व मिळून ‘संगीतार्पण’ या नांवानें छापून राजाला अर्पण केला. राजा स्वतः बांसरी वाजवी, आणि त्याचा गुरु क्वान्ट्स यानें १७५२ सालीं बांसरीवर जो ग्रंथ लिहिला त्यांत अलंकारांवर आणि स्वैर तानांवर सबंध प्रकरणें आहेत. गायकाची शेवटची तान एका श्वासांत बसावी असा त्याचा नियम आहे. दमसांसाचा हिशेब सर्वत्र सारखाच.

आणि कॉन्चेर्टो. एका वाद्याचा किंवा दोन-चार वाद्यांचा सबंध वृंदाशीं चाललेला संवाद, असें त्याचें वर्णन करतां येईल. विवाल्डीनें तो नांवारूपाला आणला. व्हेनिसमध्यें अनाथ मुलींच्या एका आश्रमांत तो शिकवीत असे, आणि त्या मुलींचा वृंद ऐकण्यासाठीं परदेशांतून प्रवासी येत. त्याच्या कॉन्चेर्टोंत सर्व वृंदाची एक ओळ मुखड्यासारखी वरचेवर परत येते आणि मधल्या जागा एकट्या वादकाच्या असतात. बाखनें विवाल्डीचे कित्येक कॉन्चेर्टो आपल्या वाद्यांसाठीं उतरवून घेतले. तो त्याचा अभ्यास होता. स्वतः बाखनें १७२१ सालीं ब्रांडेनबुर्गच्या सरदाराला सहा कॉन्चेर्टो नजर केले, त्यांतल्या तिसऱ्यांत एक विलक्षण स्थळ आहे. पहिला जलद भाग आणि शेवटचा जलद भाग यांच्यामध्यें जेथें संथ भाग असावयाचा तेथें कागदावर फक्त दोन स्वरमेळ लिहिलेले आहेत. तेवढेच वाजवावे कीं तेथें कोणीतरी कांहीं रचून वाजवावें, यावर वादक आजहि आपापल्या परीनें उत्तर देतात.

आणि याच बाखवर आरोप आला होता तो काय म्हणून? तो फार लिहितो म्हणून! १७३७ सालीं योहान आडोल्फ शाइबे या टीकाकारानें आपल्या नियतकालिकांत लिहिलें कीं, जे अलंकार इतर संगीतकार वादकाच्या मर्जीवर सोडतात ते सर्व हा मनुष्य स्वरांनीं लिहून काढतो, आणि त्यामुळें मूळ चालच दिसेनाशी होते. बिर्नबाउम नांवाच्या लाइपझिगच्या प्राध्यापकानें बाखची बाजू घेऊन पुढच्या वर्षीं उत्तर दिलें कीं, सर्वच वादकांना अभिरुचि असते असें थोडेंच आहे? संगीतकारानें वाट दाखविली तर बिघडलें कोठें? मी साथीदार असल्यामुळें माझें मन शाइबेकडे झुकतें. पण हेंहि कबूल केलें पाहिजे कीं, बाखनें लिहिलें म्हणून तें आपल्याला मिळालें. कोरेलीचें वादन त्याच्याबरोबर गेलें. आपल्या हातीं खांब राहिले.

१७५० नंतर हळूहळू अंकांची विद्या मागें पडली. पियानो आला, वृंद मोठे झाले, आणि संगीतकार सगळें लिहूं लागले. १७४२ सालीं डब्लिनमध्यें पहिल्यानें गाइलेला हँडेलचा ‘मसाया’ मोझार्टनें १७८९ सालीं नव्या वाद्यांची भर घालून सजविला, कारण तोंपर्यंत श्रोत्यांना जुनी साथ उघडीबोडकी वाटूं लागली होती. एकोणिसाव्या शतकांत जुनीं पुस्तकें पुन्हां छापलीं तीं अंकांच्या जागीं संपादकांनीं पियानोचे भरगच्च स्वर घालून, आणि कोरेलीचे ते उघडे खांब मात्र तसेच उघडे ठेवून. म्हणजे जेथें साथीदारानें विचार करावयाचा तेथें विचार छापला, आणि जेथें वादकानें भरावयाचें तेथें मोकळें सोडलें. माझें तें वर्गांतलें वाक्य या पुस्तकांवरून तयार झालेल्या समजुतीचेंच अपत्य होतें.

विसाव्या शतकांत लोक पुन्हां मूळ ग्रंथांकडे वळले. डोल्मेच यानें जुनीं वाद्यें बनविलीं, वान्दा लान्दोव्स्का हिनें हार्पसिकॉर्डला सभागृहांत परत आणलें, आणि व्हिएन्नांत हार्नोन्कूर यानें १९५३ सालीं जुन्या वाद्यांचा वृंद स्थापिला. आज असे वृंद आपला मध्य सप्तकांतला धैवत बहुधा सेकंदाला ४१५ कंपनांवर लावतात, नेहमींचे वृंद ४४० च्या आसपास. त्या काळीं मात्र गांवोगांव निराळी पट्टी असे. युरोपांत कित्येक संगीतशाळांतून आतां अंकांवरून साथ करण्याचें शिक्षण मिळतें.

त्या मुलीच्या शिक्षकांनीं मला एकदां बोलाविलें. म्हणाले, “मास्तर, पेटी घेऊन या.” पेटीला एक हात भात्यावर द्यावा लागतो, तेव्हां खर्ज आंगठ्यानें धरावयाचा आणि बाकीचीं बोटें अंकांप्रमाणें शोधावयाचीं, अशी माझी कसरत चालली. कोरेलीचा एक संथ भाग घेतला होता. पहिल्या वेळीं मी तीनदां अडलों आणि मुलगी तीनदां थांबली. दुसऱ्या वेळीं शेवटच्या पंचमावर ४ हा अंक आला. मीं षड्ज धरला. तिनें तेथें एक छोटी मुरकी घेतली, ती पुस्तकांत नव्हती. ती संपेपर्यंत मी थांबलों आणि मग निषादावर उतरलों.